पुढच्या सीटचा मान

आमच्या घरी गाडी आली तेव्हा ती कुठे लावायची, तिची पूजा कुणी करायची, यावर बराच खल झाला. पुढच्या सीटवर कोण बसणार, यावर मात्र कुणी ब्र काढला नाही. नारळ फुटल्याबरोबर बाबा दार उघडून बसले आणि तो विषय तिथेच मिटला. गाडी माझ्या नावावर आहे, चालवतो मी, पण ड्रायव्हरच्या शेजारची सीट बाबांची. लग्नानंतर नवीन नवीन असताना माझी बायको एकदा चुकून तिथे बसली होती. बाबांनी खिडकीतून वाकून अतिशय काळजीने विचारलं, "मागे बसलं की तुला मळमळतं का गं?" ती मुकाट्याने मागे गेली आणि पुन्हा कधी पुढे बसली नाही.

बाबांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. त्यामुळे ती कशी चालवावी याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. "बस येतेय", "तो बघ सायकलवाला", "आता घे", "आता कशाला घेतलीस" असं आमच्या करी रोडपासून थेट दादरपर्यंत चालू असतं. शिवाय त्यांच्या डोक्यावरच्या सनवायझरवर एक चित्र आहे. लहान बाळाची खुर्ची, तिच्यावर आदळणारी फुगलेली पिशवी आणि वर लाल फुली. बाबांनी त्याचा आपल्याला सोयीचा तेवढाच अर्थ घेतला होता, की पोरांनी पुढे बसायचं नाही. माझ्या बहिणीची मुलं हट्ट करायला लागली की ते चित्र खाली ओढून दाखवायचे. "कंपनीनेच लिहिलंय. मी काय करू?"

मग आम्हाला मुलगी झाली. बायको बाळंतपणाला गिरगावात माहेरी होती, बारसंही तिकडेच झालं, आणि बाळाला घरी आणायचा रविवार ठरला. बाबांनी त्या रविवारचा सगळा बेत मनाशी पक्का केला होता. नात घरी येणार ती त्यांच्या मांडीवर, पुढच्या सीटवर. "ह्याला पण मी असाच आणला होता," ते भेटेल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत. "टॅक्सीत पुढे बसून. परळपासून घरापर्यंत हूं की चूं नाही." लालबागच्या मसाल्याच्या दुकानदारापासून आमच्या टॉवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ही बातमी पोचली होती. नवा शर्ट शिवून आला होता. एकदा आई खाली पार्किंगमध्ये काही घ्यायला गेली, तर बाबा गाडीत पुढच्या सीटवर मांडीवर उशी घेऊन बसलेले. उशीच्या डोक्याखाली हातसुद्धा नीट धरलेला होता.

आणि गुरुवारी बायकोचा फोन आला. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी बाळासाठी गाडीत बसवायची खुर्ची भेट दिली होती. बाळ येईल ते त्या खुर्चीत, पट्ट्याने बांधून. मांडीवर नाही. माझ्या नाही, बाबांच्या नाही, देवाच्याही नाही.

"अगं, पण बाबा..."

"अरे, बाबांना सांग नाहीतर मी सांगते. आणि मी सांगितलं तर चांगलं नाही सांगणार."

माझी अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली. बाबांना काही सांगण्याआधी निदान खुर्ची मागच्या सीटवर तरी बसवू, म्हणजे त्यांची जागा जाणार नाही, असा मी विचार केला. लहान बाळाला मागेच ठेवणं सगळ्यात चांगलं, हे मलाही कळत होतं. गिरगावात जाऊन खुर्ची घेऊन आलो, तर मागच्या सीटला पट्टेच सापडेनात. आईने मोठ्या हौसेने सीट कव्हरं शिवून घेतली होती, दिवाणखान्यातल्या सोफ्याला मॅचिंग. शिवणाऱ्याला तिने बजावलं होतं, "ती लोंबणारी फडकी आत ढकल, घाण दिसतात." त्याने इमानेइतबारे सगळे पट्टे आणि त्यांची कुलपं कव्हराखाली घालून वर दुहेरी टीप मारली होती. मी कात्री आणली. आईने डोळ्यांना पदर लावला. कव्हर उसवलं, पट्टा बाहेर काढला, खुर्चीभोवती फिरवला, आणि तो वीतभर कमी पडला. दुसऱ्या बाजूचाही तेवढाच कमी पडला. जुन्या गाडीचे पट्टे, बेताच्या लांबीचे. पुढचा मात्र आरामात पुरला.

कव्हर गेलं ते गेलंच, वर घोडं नेमकं पुढच्या सीटपाशी येऊन अडलं.

बाबांना सांगावंच लागलं. मी गाडीचं पुस्तक वाचून गेलो होतो. बाळाची खुर्ची मागे तोंड करून लावायची, तिची पाठ डॅशबोर्डकडे. गाडी ठोकली तर समोरची एअरबॅग फुगून सरळ त्या पाठीवर आदळेल, बाळाच्या डोक्यामागेच. म्हणून पुढे बाळ असेल तेव्हा ती एअरबॅग आधी बंद करायची.

"फुग्याला काय घाबरायचं?" बाबा म्हणाले. "वाढदिवसाला लावतात."

"तो फुगा डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगून येतो बाबा. मोठ्या माणसाला वाचवतो, पण बाळाची मान मोडेल."

"मग मांडीवर घेतो."

"मांडीवर तर आणखी वाईट. तुमच्या आणि फुग्याच्या मध्ये ती सापडेल."

बाबांनी सनवायझरचा मुद्दा काढला. "चित्रात बाळ खुर्चीत आहे. मांडीवरच्या बाळाचं चित्र कुठे आहे, दाखव मला." मी चित्र नाही म्हणून कबूल केलं. "झालं तर," ते म्हणाले आणि मग रागाच्या भरात गावच्या बोलीवर गेले. बाबा मालवणीत शिरले की घरातले सगळे उठून दुसऱ्या खोलीत जातात. "नात माझी आसा. माका शिकवू नको." माझंही डोकं फिरलं. मी म्हणालो, तुमच्या हौसेपायी पोरीचा जीव धोक्यात घालू का? त्यानंतर रविवारपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागायचे.

रविवारी मात्र नवा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी खाली येऊन उभे राहिले. आई मागे बसली, ते गिरगावात पोचेपर्यंत पुढेच बसले, पण वाटेत बस, सायकली, कुत्रे, सगळे येऊन गेले तरी तोंड उघडलं नाही. मला गाडी चालवायचं सुचेना.

बायकोच्या माहेरच्या चाळीसमोर गाडी लावली. मी डिकीतून खुर्ची काढली, पुढची सीट जाईल तेवढी मागे सरकवली, खुर्ची पट्ट्याने करकचून बांधली. राहिलं होतं ते एअरबॅगचं बटण. पुस्तकात लिहिलं होतं की ते 'प्रवाशाच्या बाजूस' आहे. मी डॅशबोर्ड चाचपला, खालचा खण उघडला, त्यातून उदबत्तीची राख आणि जुन्या प्रसादाचं खोबरं निघालं. तोवर गॅलरीतून सल्ले सुरू झाले होते. तळमजल्यावरचे काका बनियनवर खाली उतरले. "बॅटरीची वायर काढ रे. सगळंच बंद." दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, फ्यूज काढा. काका लगेच म्हणाले, फ्यूज काढलास तर हॉर्न जाईल, आणि हॉर्न गेला तर गिरगावातून बाहेर कसा पडशील? तेवढा मुद्दा मलाही पटला. जिन्यात बायको बाळाला घेऊन उभी, तिच्यामागे डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन सासूबाई, आणि मी पुढच्या सीटखाली डोकं घालून घामाघूम. एअरबॅग बंद झाल्याशिवाय बायको बाळाला खुर्चीत ठेवू देणार नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं.

बाबा फुटपाथवर पाठमोरे उभे होते. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "दाराच्या फटीत बघ."

"कुठे?"

"दार उघडलं की डॅशबोर्डच्या कडेला. चावीचं भोक आहे. दार लावलं की दिसत नाही."

खरंच होतं. त्या दारातून इतकी वर्षं चढणारे-उतरणारे तेच एकटे. त्यांनी सांगितलं नसतं तर मी हात टेकले असते, बाळ मांडीवर गेलं असतं आणि बाबांचा रविवार त्यांना मिळाला असता, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. मी चावी घालून फिरवली, गाडी चालू केली, तसा पुढे एअरबॅग बंद असल्याचा पिवळा दिवा लागला. बायकोने वाकून तो पाहिला, पुन्हा एकदा पाहिला, आणि बाळाला खुर्चीत ठेवलं. बाबा मागे जाऊन आई आणि सुनेच्या मध्ये बसले, गुडघे हनुवटीला लावून.

सातरस्त्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "बस येतेय." मला इतकं हायसं वाटलं की मी खरोखरच ब्रेक मारला. बाळ हूं की चूं न करता झोपलेलं होतं.

पुढचे काही आठवडे कुठेही जायचं तर खुर्ची पुढे आणि बाबा मागे. एका सकाळी बाबांचे डोळे तपासायला आम्ही दोघंच दादरला निघालो. मी खुर्ची काढून मागे टाकली आणि बाबा आपल्या जागेवर जाऊन बसले. मी दारात वाकून चावी भोकात घालायला लागलो, तर त्यांनी त्यावर पंजा ठेवला.

"राहू दे बंद."

"बाबा, मोठ्या माणसाला ती चालू लागते."

"म्हायत आसा माका. तू सांगितलंस तेव्हा ऐकत होतो मी." ते समोर भिंतीकडे बघत होते. "पण तू एक नंबरचा विसराळू. संध्याकाळी पोरीला बसवशील आणि बंद करायला विसरशील. कशाला ती उघड-झाप? बंदच राहू दे. माझं काय, माझं जगून झालंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात एकमेकांना प्रेमाचं काही बोलायची पद्धत नाही. ते काम आई जेवण वाढताना करते, बाकीच्यांनी फक्त भांडायचं. त्यामुळे मीही ते भांडणाच्या सुरातच बोललो, पार्किंग दणाणून जाईल एवढ्या मोठ्याने. "जगून झालंय म्हणजे काय? आम्हाला तुम्हीपण हवे आहात! तिला आजोबा नकोत?" वॉचमन खुर्चीवरून उठून बघायला लागला.

बाबांनी पंजा काढला. "ओरडतंस कित्याक?" ते म्हणाले. "फिरव चावी."

त्या संध्याकाळपासून पोरीची एअरबॅग बंद करायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं, कारण माझ्यावर त्यांचा भरवसा नाही. चावी फिरवतात, दिवा लागला की "बंद!" असं ओरडून सांगतात, आणि मगच तिला खुर्चीत ठेवू देतात. स्वतः पुढे बसायचं असलं तर मात्र हातात चावी असूनही फिरवत नाहीत. दार उघडून बाहेर उभे राहतात, चावी माझ्यापुढे धरतात, आणि मी येऊन एअरबॅग चालू करेपर्यंत आत पाऊल ठेवत नाहीत.