फिलोमिनाबाईंच्या टेबलावरचे तुर्की रेशीम

फिलोमिनाबाई डाबरे यांना मी प्रथम भेटले ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मस्कतजवळच्या अल खौदमध्ये. लग्न होऊन पुण्याहून तिथे गेले होते. वस्त्रकलेची पदवी होती, काम नव्हते. मूळच्या वसईच्या बाई घरातल्या एका खोलीत जुनी वस्त्रे दुरुस्त करत. मी काम मागितले. त्या म्हणाल्या, "आधी नुसतं बघ. हात नंतर."

त्या खोलीत दुपारी पडदे ओढलेले असत. मंद उजेडात रेशीम आतूनच उजळल्यासारखे दिसे, आणि बाई हलक्या आवाजात त्याचा प्रवास सांगत. ऑटोमन सुलतानांच्या काळी तुर्कस्तानातल्या बुर्साच्या मागांवर विणलेले, जहाजाने व्हेनिसला गेलेले, तिथल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या अंगावर मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, चढलेले. ऐकताना बाहेरचे ऊन कुठल्या कुठे जाई.

"मुसलमान विणकरांचं कापड मिस्सेला कसं चाललं?" मी एकदा विचारले.

"रेशमाला बाप्तिस्मा कोण विचारतो?" बाई हसल्या. "सुंदर होतं, म्हणून देवाला वाहिलं."

माझे पहिले बाळ पोटातच गेले, तेव्हा बाई रोज मला न्यायला येत, शेजारी बसवत आणि एक शब्द बोलत नसत. त्या शांततेने मला सावरले.

त्याच सुमारास एक वृद्ध इटालियन फादर निवृत्त होऊन मायदेशी निघाले होते. त्यांनी आपला मिस्सेचा जुना झगा आणला: लाल बुर्सा रेशीम, त्यावर सोनेरी जरीची ट्युलिपची फुले. दीक्षेच्या दिवशी त्यांनी तोच घातला होता. निरोपाच्या मिस्सेलाही तोच हवा होता.

बाईंनी कित्येक आठवडे जीर्ण रेशमाखाली बारीक जाळी टाचली. शेवटी म्हणाल्या, "फादर, हा मिस्सेला घालता येणार नाही. हात वर केलेत की खलास."

फादर मान खाली घालून उभे राहिले. जुन्या कापडाला कुणाला बोटही लावू न देणाऱ्या बाईंनी झगा टेबलावरून उचलला. मग मला म्हणाल्या, "तू डावा खांदा धर."

आम्ही दोघींनी झगा त्यांच्या अंगावर अलगद टेकवला आणि सगळे वजन आपल्या हातांवर पेलले. फादरनी डोळे मिटले. ओठ हलत होते. पडद्याच्या फटीतून ऊन आले आणि ट्युलिप क्षणभर डोलल्यासारखी वाटली.

"पुरे," फादरच म्हणाले.

निरोपाची मिस्सा त्यांनी साध्या पांढऱ्या झग्यात केली. रेशीम त्यांच्याबरोबर इटलीला गेले, बाईंनी मस्कतच्या गाला भागातल्या सुताराकडून मुद्दाम करवून घेतलेल्या पेटीत. कापडाचे नियम बाईंनी मला शिकवले. ते माणसासाठी कधी वाकवायचे, हेही त्यांच्याच हातांकडे बघून कळले.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण "बुर्सा अजून डोळ्यांनी बघितलं नाही गं," असे त्या परवाच म्हणाल्या. बाई, तब्येत तेवढी सांभाळा, तो प्रवास आपण करणारच. आणि तिथून परतल्यावरही देव तुम्हाला पुष्कळ, पुष्कळ दुपारी देवो.