कोणाच्या रानात?

पिंजऱ्यातल्या प्रत्येक जीवाला रानाची ओढ असते. हे माझं म्हणणं नाही. आमच्या मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे असं म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी गळ्यातला हार सारखा केला, म्हणजे ते खरंच असणार. माझा या विषयातला अभ्यास कार्टून सिनेमांपुरता आहे. प्राणिसंग्रहालयातले प्राणी चुकून जंगलात जाऊन पडतात, या जातीचे सिनेमे आमच्या नऊ वर्षांच्या मुलीमुळे मी इतके पाहिलेत की सगळ्यांचं सार एका वाक्यात सांगू शकतो: प्राणी जंगलात पोहोचतात आणि जेवण कोण आणून देणार, असं विचारतात. हिंगोलीत प्राणिसंग्रहालय नाही, त्यामुळे त्यांच्या दुःखाची आम्हाला प्रत्यक्ष कल्पना नाही.

यंदा संमेलनात तिनं कथाकथनाला नाव दिलं होतं. आवडत्या सिनेमाची गोष्ट, मराठीत, पाच मिनिटं. गोष्ट तर तिला झोपेतही आली असती. पण मागच्या वर्षी ती कवितेच्या तिसऱ्या कडव्याला अडकली, वरच्या पंख्याकडे बघत उभी राहिली आणि शेवटी बाईंनी हाताला धरून तिला खाली आणलं. तेव्हापासून आमच्या घरात 'कडवं' हा शब्द कोणी काढत नाही. यंदा तिला बक्षीस नको होतं. फक्त शेवटापर्यंत जायचं होतं. आणि ते मामानं बघायला हवं होतं, कारण मागच्या वर्षी पंखा बघताना तिला मामानंच बघितलं होतं.

मामा म्हणजे माझा मेहुणा. साखऱ्याला त्याची कोरडवाहू शेती आहे. संमेलनाच्या आधी आठ दिवस तो फवाऱ्याचा नोझल घ्यायला हिंगोलीला आला, तेव्हा तिनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि तालीम सुरू केली.

"एक अस्वल असतं, एक पाणघोडा आणि एक शहामृग. त्यांची गाडी उलटते आणि ते रानात जातात."

"कोणाच्या रानात?" मामानं विचारलं.

आमच्याकडे रान म्हणजे शेत. जंगल ते जंगल. रान कुणाच्या तरी नावावर असतं आणि त्याला बांध असतो. मामाच्या रानात त्या वेळी हरभरा होता, घाटे भरत आलेले, आणि रोही कळपानं येत होते. रोह्याला पुस्तकात नीलगाय म्हणतात. मामा जे म्हणतो ते इथं लिहिता येणार नाही.

"कोणाच्याच नाही हो मामा. मोकळं रान असतं."

"म्हंजे पडीक हाय?"

शेवटी तिनं त्याला सिनेमाच दाखवला. त्यात तिघं पिंजऱ्यातून सुटून हिरव्या गवतातून गाणं म्हणत धावत सुटतात, तो प्रसंग आला. आम्ही सगळे इथं हसतो. मामा खुर्चीतून अर्धा उठला.

"आरं, हाकलून काहून नाही राहिले कोणी ह्यांला!"

"मामा, ते खूश झालेत."

"ते होनारच की माय. रान कोणाचं तुडवून राहिले ते बघ."

पुढं त्यानं पाणघोडा दिवसाला किती खातो ते विचारलं. मी मोबाईलवर शोधून सांगितलं. नंतर तो पडद्याकडे न बघता बोटांवर हरभऱ्याच्या ओळी मोजत बसला.

इकडे शाळेत बाईंनी तिच्या वहीतलं 'रान' लाल पेननं खोडून वर 'अरण्य' लिहिलं. रान गावठी वाटतं, म्हणाल्या. बाईंचा हेतू चांगला होता, पण अरण्य काही तिच्या जिभेवर बसेना. घरी दहापैकी चारदा ती तिथंच अडखळायची. मी म्हटलं, जंगल म्हण. ती म्हणाली, बाईंनी अरण्य सांगितलंय. नवव्या वर्षी माणूस नियमांना फार धरून असतो.

संमेलनाच्या दिवशी मामा आला. राखणीला शेजाऱ्याला सांगून आला होता. मागच्या रांगेत, टोपी मांडीवर ठेवून बसला. तिचं नाव पुकारलं. अस्वल झालं, पाणघोडा झाला, गाडी उलटली.

"आणि ते तिघं जण पोहोचले... पोहोचले..."

तिची नजर हळूहळू वर जायला लागली. पंखा मला माहीत होता. बायकोनं माझं मनगट धरलं. बाई विंगेतून ओठ हलवत होत्या, अ, अ. शेवटी मुलगी जे मुळात येत होतं तेच म्हणाली:

"रानात."

"कोणाच्या?" मागच्या रांगेतून आवाज आला. मामानं मुद्दाम विचारलं नव्हतं. त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर त्यानं टोपी तोंडाला लावली.

सगळे माना वळवून बघायला लागले. मुलीनंही बघितलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्याच! अन् तुम्ही इथं काय करून राहिले?"

त्यानंतर वहीतलं काही उरलं नाही. अस्वल हरभऱ्यात शिरलं, शहामृगानं घाटे टिपले, पाणघोड्यानं जेवण किती वाजता मिळतं ते विचारलं, आणि साखऱ्याच्या मामानं गोफण फिरवली. तिघं धापा टाकत पिंजऱ्यात परत गेले आणि आतून कडी लावून घेतली. खेड्यांतून आलेले पालक इतके हसले की पाहुण्यांना हसायचं की नाही ते ठरवावं लागलं. ती शेवटापर्यंत गेली. नमस्कार दोनदा केला.

मग पाहुणे रानाच्या ओढीवर बोलले. बराच वेळ बोलले. तिला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. परीक्षकांच्या मते भाषा जरा सुधारायला हवी. ते प्रमाणपत्र तिनं जेवतानाही ताटाशेजारी ठेवलं होतं.

मामा एसटीनं परत गेला आणि पोहोचल्यावर त्याचा फोन आला.

"दाजी, लेकराला सांगा, फस्कलास झालं. पंख्याकडं न्हाई बघितलं."

"सांगतो. रान बराबर आहे ना?"

"रोही येऊन गेले. बांधाकडच्या चार ओळी खाल्ल्या. शेजारी म्हनला, डोळा लागला होता."

"किती वाजता आले?"

"चारच्या सुमाराला."

चारच्या सुमाराला आमच्याकडे पाहुण्यांचं भाषण चालू होतं.