धम्मपालच्या फियाटचं डावं दार

धम्मपाल गजभियेबद्दल लिहायला मला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. लिहिणं माझं काम नाही, आणि जमेल असंही वाटत नाही. पण त्याच्या फियाटचं दार हातात धरून मी जेवढा उभा राहिलो, तेवढं कोणी राहिलं नसेल. म्हणून लिहितो.

आम्ही दोघं पोलादाच्या प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला होतो. तो फिटर, मी त्याचा जोडीदार. रिटायर झाल्यावर हुडको कॉलनीत शेजारी आलो. सेक्टर दोनमधल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या क्वार्टरमागे एक जुनी फियाट सडत उभी होती. धम्मपालने ती ओढून घरी आणली आणि जयंती समितीच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की यंदा चौदा एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो याच गाडीवरून निघेल. मग समितीने फोटोसाठी दरवर्षीचा ट्रॅक्टर ठरवलाच नाही.

इंजिन एका मिस्त्रीने चालू करून दिलं. खालचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. राहिलं फक्त दारं, मडगार्ड आणि बोनेट बसवणं. हे ‘फक्त’ धम्मपालचं.

त्याची कामाची रीत प्लांटची. मशीन बसवायची तर आधी पाया लेव्हलला आणायचा, बाकीचं नंतर. त्याने गाडीची चाकं काढली, चार कोपऱ्यांना स्टँड लावले आणि स्पिरिट लेव्हल ठेवून गाडी इतकी सपाट केली की बुडबुडा मधून हलेना. मग मी दार उचलून धरायचं आणि त्याने बिजागरीचे बोल्ट कसायचे. दाराभोवतीची फट सगळीकडे सारखी पाहिजे, हा त्याचा हट्ट.

“वर घे. अजून. अरे, इतकं नाई.”

“धम्मपाल, हात भरून आले.”

“रेल मिलमध्ये नव्हते भरत कावून?”

“तवा क्रेन होती.”

धम्मपालची बायको, कमलावहिनी, चहा घेऊन आल्या, की माझ्याकडे बघून कप खालीच ठेवायच्या. “भाऊजी, दार सोडू नका. तुमी सोडलं त हे मलेच धराले लावतीन.”

शेवटी दारं बसली. फट अशी सरळ, की मलाही बरं वाटलं. चाकं लावली, गाडी खाली उतरवली, आणि डावं दार उघडायला गेलो तर त्याची पुढची कड मडगार्डला घासली. दार लागेना. जोर करून लावलं तर आपोआप उघडलं.

“तू धरताना हललास,” धम्मपाल म्हणाला.

मला वाटलं, हललोही असेन. गाडी पुन्हा स्टँडवर चढवली. वर दार मस्त लागत होतं. खाली उतरवली, पुन्हा घासलं. पुन्हा चढवली, पुन्हा तेच. धम्मपाल माझ्याशी बोल्टांपुरतंच बोलू लागला. त्यात समितीचा नरेश रोज संध्याकाळी स्कूटर थांबवून विचारायचा, “काकाजी, गाडी निकलेगी ना? नहीं तो ट्रॅक्टर बोल दूँ?”

“निकलेगी,” धम्मपाल त्याच्याकडे न बघता म्हणायचा.

एकदा मी जॅक हळूहळू सोडत होतो आणि तो दाराच्या फटीत डोळा लावून बसला होता. चाकांवर वजन आलं तशी फट त्याच्या डोळ्यांसमोर मिटत गेली. तो माझ्याकडे वळला.

“आनंदराव, हे गाडी वाकून राहिली. इंजिन समोर ओढते, पोट खाली जाते. स्टँडवर एक आकार, चाकावर दुसरा. आपुन मशीन बसवून राहिलो होतो. हे मशीन नोहे.”

म्हणजे सगळं नव्याने, गाडी चाकांवर उभी ठेवून. आणि आमच्या गल्लीचा उतार नालीकडे, त्यामुळे लेव्हल ठेवण्यात अर्थ नव्हता. सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी जुळवायचं. धम्मपालचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता, माझ्या तर मुळीच नाही. मी पुन्हा दार धरून उभा राहिलो.

दार लागलं. उघडलंही. पण फट वर बारीक, खाली बोट जाईल एवढी. ती सारखी करायची तर दाराची खालची पट्टी कापून पुन्हा जोडायची, आणि जयंती परवावर आली होती. त्याने कटर हातात घेतला.

“सांग, कापू का राहू देऊ?”

इतक्या वर्षांत त्याने मला असं कधी विचारलं नव्हतं. आणि विचारलं तेही अशा वेळी. माझं चुकलं तर मिरवणूक गाडीविना निघणार.

“दार लागते,” मी म्हणालो. “फोटो वर हाय. फटीकडं कोन पाहते?”

“मी पाहतो.” तो चिडलाच. पण कटर ठेवून दिला आणि घरात निघून गेला. दोन दिवस आमचा चहा वेगवेगळा झाला.

चौदा तारखेला सेक्टर सहामधून मिरवणूक निघाली. फियाटच्या टपावर हार घातलेला फोटो, गाडी चालवायला नरेश, मागे डाव्या खिडकीशी कमलावहिनी. पुढची जागा धम्मपालसाठी ठेवली होती. तो बसला नाही. सगळ्या रस्त्याने डाव्या दाराला चिकटून चालला. त्या बाजूने कोणी जवळ आलं, की पाय जरा फाकवून फटीसमोर उभा राहायचा. ऊन तापलं होतं, सदरा पाठीला चिकटला होता.

“बसा ना आत,” कमलावहिनी खिडकीतून म्हणाल्या. “पाय दुखतीन.”

“मले चालाचं हाय.”

“मंग चाला. पन खिडकीसमोरून थोडं सरका, हवा त येऊ द्या.”