धाकट्याची शपथ

गेल्या वर्षी दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना मला धाप लागू लागली, तेव्हा आधी डॉक्टर नव्हे, धाकटा भाऊ आठवला. त्यालाही असाच दम लागायचा, कोरडा खोकला यायचा. तो चोरून बिड्या ओढतो, असं मी ठरवून टाकलं होतं. सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी आमच्या गुरूंची, जंगम महाराजांची पाद्यपूजा होती. त्या सकाळी मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं. त्याने गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून सांगितलं, "अण्णा, मी बिडीला शिवलो न्हाई." लिंग हातात घेऊन खोटं बोलतोस, असं म्हणून मी त्याला तीर्थ घेऊ दिलं नाही. तो बायकोला घेऊन पिंगळीला, सासुरवाडीला निघून गेला. नंतर आम्ही बोललो नाही.

आता सुपारीचं खांडही न खाणारा मी भिंत धरून उभा राहत होतो. सोनपेठला दम्याचा पंप मिळाला, फरक पडेना. ही शिक्षाच आहे असं वाटे. आणि महादेव ऐकतो तरी का, अशीही शंका येई.

श्रावणातल्या एका सोमवारी गोदाकाठच्या मंदिरात पूजेला बसलो. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, हात डोळ्यांसमोर धरून पूजा करतात. पूजा उरकल्यावर समोर बसलेल्या एक वयस्कर बाई जवळ आल्या.

"भाऊ, राग मानू नका. बोटं अशी कधीपासून हायेत?"

मी पाहिलं. टोकं फुगलेली, नखं गोल, फुगीर. "अशीच हायेत की. आमच्या वडलांचीबी अशीच होती. ते दम्यानं गेले."

"अजून कोणाची?"

"धाकट्याची," म्हणालो.

त्या छातीच्या वॉर्डातल्या निवृत्त नर्स होत्या. "तुमी लिंगाकडं बघायलात अन् मी बोटांकडं! खोड जात न्हाई," त्या हसल्या. "फुप्फुसाच्या दुखण्यात बोटं अशी होत्यात. छातीच्या डॉक्टरकडं जा. अन् वडलांचं, भावाचं सांगितल्याबिगर उठू नका." त्यांना परळीची एसटी गाठायची होती. गेल्या.

परभणीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला. फुप्फुसं घट्ट होत चालली होती. वडलांचं आणि भावाचं सांगताच त्यांनी पेन खाली ठेवलं. हा आजार कधीकधी घराण्यातून येतो, मोठेपणीच उघड होतो, बिडी न ओढताही होतो, असं ते म्हणाले. रक्ताचा नमुना जनुकांच्या तपासणीला बाहेरगावी गेला. दोष सापडला. "भावाला लवकर आणा. गेलेलं भरून येत नाही, पण पुढचं लांबवता येतं."

दुसऱ्या दिवशी पिंगळीला गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता, बोलतानाही दम लागत होता. मी सगळं सांगितलं. तू खरं बोलला होतास, म्हणालो.

 तो म्हणाला, "म्हंजी तुमाला दम लागला तवा मी खरा झालो व्हय?"

बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली. आयुष्यभर घरातलं सगळं मी ठरवत आलो. त्या घटकेला माझ्या हाती काहीच नव्हतं. मनात म्हटलं, महादेवा, हा येवो न येवो, तुझ्यावर सोपवलं.

खोकल्याची उबळ ओसरल्यावर तो बायकोला म्हणाला, "सदरा दे गं. येतो मी, पर ह्यांच्यासंगं न्हाई. माझा मी जाईन." फाट्यावर ऑटो मात्र एकच होता.

त्याचाही तोच दोष निघाला. फुप्फुसं माझ्याहून जास्त खराब आहेत. त्या सकाळी त्याला सर्वांसमोर उभं करण्याऐवजी दवाखान्यात नेलं असतं तर, हे रोज मनात येतं. त्या बाईंना देवाने धाडलं की त्या सवयीने बघत बसल्या, मला सांगता येत नाही. मी मागायच्या आधी मदत मिळाली, एवढं कळतं, आणि त्यासाठी रोज हात जोडतो. माफ केलं, असं तो अजून म्हणालेला नाही. मीही विचारत नाही. तपासणीला त्याचा नंबर पुकारला की त्याच्यामागून चालतो. तो दर चार पावलांवर दम घ्यायला थांबतो. मीही थांबतो.