ल्वारचं वळण

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला मुलाकडे राहायला आलो तेव्हा माझ्या सामानात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात माझे नकाशांचे रबरी शिक्के आहेत. एका तालुक्याच्या गावी मी जन्मभर भूगोल शिकवला. परीक्षेच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत बसून शेकडो कागदांवर शिक्के मारायचे, मुलांनी त्या आराखड्यात नद्या, डोंगर, शहरं भरायची. जांभळी शाई चार दिवस बोटांवरून जात नसे. चहाच्या कपांच्या कानांवरही तिचे ठसे असत. शिपाई ओरडायचा, "गुरुजी, कप तरी सोडा!"

भारताचे, महाराष्ट्राचे शिक्के दुकानात मिळायचे. फ्रान्सचा मिळत नसे, आणि तेव्हा नववीला युरोप होता. म्हणून मी तो स्वतः बनवून घेतला. नकाशासंग्रहात फ्रान्स दोन पानांवर पसरलेला. दोन्ही पानं वेगवेगळी ट्रेस केली, कागद जोडले आणि शिक्केवाल्याकडे दिले. नद्या मुलांना नीट काढता येत नाहीत म्हणून त्याही शिक्क्यातच घातल्या.

त्यांतली ल्वार नदी माझी आवडती. ती वर्गात सांगताना मी आपल्या कृष्णेपासून सुरुवात करायचो. कृष्णा अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून थेट पूर्वेला जाते. तशीच ही ल्वार. दक्षिणेच्या डोंगरात जन्मते, भूमध्य समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि बाईसाहेब निघतात उत्तरेला. इथे मुलं हसायची. पुढे मात्र मी चुकीचं सांगत होतो. उत्तरेला जाऊन ती सीन नदीला मिळते, असं. कारण माझ्या शिक्क्यात तसं होतं.

नववीतल्या एका मुलीने परीक्षेच्या पेपरात माझ्या जांभळ्या रेघेवर निळ्या पेन्सिलीने दुसरी रेघ काढली. ओर्लेआं शहरापाशी नदी वळवून तिने थेट पश्चिमेला, अटलांटिकला नेली. मी गुण कापले. पेपर वाटले त्या दिवशी ती उभी राहिली.

"सर, ल्वार इथे वळते."

"शिक्का मी बनवला की तू?"

वर्ग हसला. ती खाली बसली.

दुपारच्या सुट्टीत मी नकाशासंग्रह उघडला. पानांच्या शिवणीत ओर्लेआं जवळजवळ बुडालेलं होतं. पान दाबून पाहिलं. शिवणीतून डावीकडे दोन नद्या बाहेर पडत होत्या आणि मी ल्वारला भलत्याच नदीशी जोडलं होतं. मुलगी बरोबर होती.

इथवरची चूक कुणाकडूनही झाली असती. पुढचं मी जाणूनबुजून केलं. महिन्याभराने तालुक्याची नकाशा स्पर्धा होती आणि शाळेतून तिचं नाव गेलेलं होतं. तिथे दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांसमोर तिने ल्वार बरोबर काढली आणि माझी चूक उघडी पडली, तर? मी मुख्याध्यापकांना सांगितलं की मुलीचा हात अजून कच्चा आहे, दुसरं कुणी पाठवू. दिवाळीच्या सुट्टीत नवा शिक्का करून घेतला. वर्गाला सांगितलं, जुना झिजला.

ती मुलगी आज इथून वीस मिनिटांवर राहते. डेटा सेंटरमध्ये नोकरी करते, पन्नाशी उलटली आहे. महाराष्ट्र मंडळात पहिल्यांदा भेटली तेव्हा भर पार्किंगमध्ये वाकून पाया पडली. मी दोन पावलं मागे सरलो, तिला वाटलं संकोच. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "सर, रविवारी मंडळात तुमचा सत्कार आहे. दोन शब्द मी बोलणार. शनिवारी माहिती घ्यायला येते."

त्याच आठवड्यात नातीला फ्रेंचच्या वर्गात एका नदीचं पोस्टर करायचं होतं. तिने माझा डबा उघडून जुना शिक्का कागदावर उठवला. पुस्तकाशी ताडून म्हणाली, "आजोबा, धिस इज राँग. ती इथे टर्न होते."

बोट नेमकं ओर्लेआंवर.

शनिवारी माझी ती विद्यार्थिनी आली. येताना चकल्या घेऊन आली. वही उघडून विचारलं, "शाळेत कधी लागलात, सर?" मी म्हटलं, वही मिट आणि आधी ऐक. शिक्का तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. शिवण, सुट्टीतला नकाशासंग्रह, मुख्याध्यापकांशी बोललो ते शब्द.

तिने शिक्का हातात घेऊन फिरवून पाहिला.

"नदीचं मी विसरून गेले होते," ती म्हणाली. "हात कच्चा आहे, हे मात्र नाही विसरले. मुख्याध्यापकांनी तेच सांगितलं होतं. मी नंतर साधी रांगोळीसुद्धा काढली नाही, सर. माझ्या मुलीच्या शाळेची चित्रं तिच्या बाबांनी काढून दिली."

मला एवढं ठाऊक नव्हतं. मी माफी मागितली. तिने शिक्का खाली ठेवला.

नात बाजूलाच बसून ऐकत होती. पोस्टरवरून मान वर करून म्हणाली, "मावशी, यू नो, मिलियन्स ऑफ इयर्स अगो ही रिव्हर खरंच सीनला मिळायची. बुकमध्ये आहे."

"घ्या!" ती एकदम हसली. "म्हणजे सर बरोबरच होते. थोडे लेट, इतकंच."

ती मला वाट करून देत होती. मोह झाला.

"नाही," मी म्हणालो. "मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मला फक्त तू बरोबर आहेस हे माहीत होतं."

तिचं हसू थांबलं. "मग उद्या मी काय बोलू?"

"हेच बोल. नाहीतर मी बोलतो."

"तुम्हीच बोला," ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो अखेर माझ्यावर आला याचं मला बरं वाटलं.

नात तोवर मार्कर घेऊन तिच्याजवळ आली होती. "मावशी, कॅन यू ड्रॉ इट? माझी लाइन शेकी येते."

तिने मार्कर घेतला. टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग दक्षिणेच्या डोंगरापासून सुरुवात केली. रेघ थरथरत वर आली. ओर्लेआंपाशी हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"इथे वळते ना, सर?"

"तू सांग," मी म्हणालो.

तिने रेघ पश्चिमेला वळवली आणि न थांबता समुद्रापर्यंत नेली.