प्यादं एकच घर

वाळूजच्या कंपनी बसमध्ये तो माझ्या शेजारी बसतो. मोबाईलवर बुद्धिबळ मांडतो आणि खिडकीबाहेर बघत, झोपेत बोलावं तसं बोलतो. "रशियानं, अमेरिकेनं, इंग्रजांनी यंत्राला खेळ शिकवला. आपली देशी चाल कुणीच नाय शिकवली, भाऊ. बाबा फुलंब्रीला तशीच खेळायचे. प्यादं पहिल्यांदासुद्धा एकच घर, दोन नाय."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, शिकवलं की सगळं येतं असं मानणारा; सरळ म्हणालो, "मग तू शिकव की!"

"तेच चाललंय."

त्यानं लिहिलेला प्रोग्राम काल बसमध्ये पहिला डाव त्याच्याविरुद्धच खेळला. प्यादी एकेक घर सरकली आणि वाळूज यायच्या आत यंत्रानं मात दिली.

"हरलास की!"

त्यानं मोबाईल छातीशी धरून डोळे मिटले. "व्हय. बाबा गेल्यापासून असं कुणी हरवलंच नव्हतं."