जमिनीवरचा पिंजरा

नागपूरजवळच्या एका कोळशाच्या खाणीत मी नकाशे काढायच्या नोकरीला लागलो, तेव्हा बावीस वर्षांचा होतो. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात एकदा तरी खाली उतरवत. लोखंडी जाळीचा पिंजरा, वर जाड दोर आणि खाणीच्या तोंडाशी घंटा वाजवणारा पन्नाशीचा एक माणूस. तीन ठोके म्हणजे माणसं उतरताहेत. तिसरा ठोका पडला आणि पायाखालचं सगळं निघून गेलं. दिव्याच्या उजेडात विटांची भिंत वर वर पळत होती. मी जाळी धरली ती सुटेना. खाली पोचल्यावर बाकीचे उतरले, मी तसाच वर आलो. घंटावाल्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, पाणी पाजलं आणि हळूच म्हणाला, "बाबू, मी कोणाले सांगत नाई. तुमीबी सांगू नका."

पुढची चार वर्षं मी वर ऑफिसात बसून खालचे नकाशे काढले. मोजणीवाले मापं आणत, मी शाईने रेघा ओढत असे. कोणी सहज म्हणालं, "येता का खाली?" की मी शाईची दौत भरायला उठत असे. आज ना उद्या कोणाला तरी कळणार, ही धास्ती कायमची होती.

अशात एका हिवाळ्यात शहरातल्या मोठ्या मैदानावर प्रदर्शन भरायचं ठरलं. आमच्या साहेबांना गेल्या प्रदर्शनाचा राग होता. शेजारी आकाशपाळण्याला ही रांग, आणि आमच्या तक्त्यांपुढे माशी नाही. त्यांनी मला बोलावलं. "लोकांना खाणीत उतरल्यासारखं वाटलं पाहिजे. पिंजऱ्यात नाही, रांगेत पाय ठेवला तिथपासून. तुम्ही चित्रं काढता ना? करा."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी हो म्हणालो.

कामाला बसलो आणि लक्षात आलं की मला दुसरं काहीच करायचं नाही, फक्त तो दिवस आठवायचा आहे. रांगेची वाट मी पत्र्यांची केली. सुरुवातीला ती रुंद होती, मग दर वळणावर वीतभर अरुंद, आणि छत इतकं उतरतं की शेवटी उंच माणसाला मान वाकवावी लागे. वाटेत प्रत्येकाच्या हातात पितळी बिल्ला द्यायचा. "हा परत आला नाही तर आम्ही शोधायला येतो," असं देणाऱ्याने सांगायचं. कूलरमधली खसाची ताटी काढून तिथे भिजवलेलं जुनं गोणपाट लावलं, म्हणजे गार, कुबट वारा अंगावर येई. शेवटी पिंजरा. तो ट्रकच्या स्प्रिंगांवर बसवला होता, नुसता हिंदकळे, जागा सोडत नव्हता. दोन्ही बाजूंना विटा रंगवलेलं कापड मोटरीवर वर सरके आणि आतल्या माणसाला वाटे, आपण खाली चाललोय. मग समोरचं दार उघडायचं आणि लाकडी टेकू दिलेल्या बोगद्यातून चालत बाहेर पडायचं.

कुठून उजेड येऊ नये म्हणून पत्र्याची भोकं मी स्वतः डांबर लावून बुजवली. बोगद्यालाही त्याचसाठी दोन वळणं दिली. मध्येच कोणी पिंजऱ्याचं समोरचं दार उघडू नये म्हणून त्याची कडी बाहेरून, बोगद्याच्या बाजूने ठेवली.

घंटा वाजवायला साहेबांनी तोच माणूस पाठवला. आता तो निवृत्त झाला होता. चाचणीच्या वेळी साहेब, त्यांची बायको, हेडक्लार्क, सगळे पिंजऱ्यात बसून आले. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. साहेब खूश झाले. घंटावाला माझ्याजवळ आला.

"बाबू, तुमी नाई बसले अजून."

"बसेन काका."

"कापडच हाय ते."

"माहीत आहे. मीच रंगवलंय," मी म्हणालो. तरी पिंजऱ्याकडे गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारपासून रांग मैदानाच्या फाटकापर्यंत गेली. काटोल-नरखेडकडून एसटीने आलेली माणसं, डोक्याला फेटे, हातात पिशव्या. मी वाटेच्या तोंडाशी उभा होतो. नऊवारीतली एक मावशी बिल्ला घेऊन उलटसुलट पाहत होती.

"माहा पोरगा बी खाणीतच हाय," ती मला म्हणाली. "सा महिने झाले. कसं असते ते सांगत नाई. म्हून पाहाले आली."

मी तिला आत सोडलं.

पाचेक मिनिटांनी वीज गेली. बाहेर लख्ख ऊन होतं, पाळणा थांबला, एवढंच. पण आमच्या पत्र्यांच्या आतून आवाज आला, तो मी आजही विसरलो नाही. आधी बायकांचा, मग पुरुषांचा. कोणीतरी ओरडलं, "दोर तुटला!"

वाटेतले लोक अंधारात पुढेच सरकले. पिंजऱ्यात शिरायचं दार रांगेच्या बाजूला उघडायचं, आणि त्याच दारावर आता तीस माणसं रेटली गेली होती. आत घंटावाला आणि चौदा जण. मी पत्र्याला तोंड लावून ओरडलो, "तुम्ही जमिनीवरच आहात! दोर नाहीच आहे!"

"खोटं बोलून राहिला!" आतून एक जण किंचाळला. "आमी खाली आलो, आमाले मालूम हाय!"

मी खोटं बोलत नव्हतो. पण महिनाभर राबून मी त्यांना दुसरंच पटवलं होतं.

"बाबू!" घंटावाल्याचा आवाज आला. "तिकडून या! पलीकडची कडी काढा! लोकं चेंगरून राहिले!"

समोरच्या दाराच्या कडीवर नेमलेला माणूस वीज का गेली ते पाहायला धावला होता. मी बोगद्याच्या बाहेरच्या तोंडाशी गेलो आणि थांबलो. आत काहीच दिसत नव्हतं. गोणपाटाचा वास येत होता. पाय उचलेना. किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. आत एक लहान मूल खोकत होतं, त्याला श्वास पुरत नव्हता. ते ऐकून मी शिरलो.

चारच पावलांवर पहिलं वळण होतं. ते ओलांडलं आणि मागचा उजेड गेला. टेकूंना हात लावत लावत चाललो. ते टेकू आंब्याच्या फळ्यांचे होते, वर माती नव्हती, छत नुसता पत्रा होता. हे सगळं मला ठाऊक होतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. डोकं एका आडव्या लाकडाला आपटलं. मी खाली बसलो आणि उरलेलं अंतर रांगत गेलो.

कडी हाताला लागली, पण निघेना. आतली सगळी माणसं दारावर भार देऊन उभी होती.

"मागे सरका, कडी अडकलीय!"

कोणी सरकलं नाही. जाळीतून एक हात आला आणि त्याने माझी कॉलर पकडली.

"कोन हाय गा?" ती मावशी होती. "वरून आला का खालून?"

"मैदानावरून आलो, मावशी. चालत. दोर नाही, खड्डा नाही. गप्प राहून ऐका जरा."

"कोणी ऐकून नाई राहिलं," ती रडत म्हणाली.

तेवढ्यात घंटेचा एकच ठोका पडला. खाणीत एक ठोका म्हणजे थांबा. ते त्या लोकांना माहीत नव्हतं, पण त्या आवाजाने सगळे क्षणभर दचकून गप्प झाले. आणि पत्र्यापलीकडून, अगदी हाताच्या अंतरावरून, शेंगदाणेवाल्याची आरोळी ऐकू आली, "गरम मुंगफल्लीऽऽ!" पाठोपाठ कोणाच्या तरी सायकलची घंटी.

"हे तर मैदानच हाय वं," एक बाई म्हणाली.

दारावरचा भार हलका झाला. मी कडी वर ढकलली. ते बाहेर पडले ते माझ्या अंगावरूनच, मग एकमेकांचे हात धरून बोगद्यातून उन्हात. एकाचं कपाळ फुटलं होतं. खोकणाऱ्या मुलीला घंटावाल्याने खांद्यावर घेतलं होतं. बाहेर वाऱ्यात आल्यावर ती हळूहळू शांत झाली. पलीकडची रांगही तोवर मागे सरली होती. कोणी जिवानिशी गेलं नाही. हे वाक्य मी त्या संध्याकाळी मनाशी किती वेळा म्हटलं असेन.

मावशी रसाच्या गाडीजवळ जमिनीवर बसली होती. मी पाणी घेऊन गेलो.

"माह्या पोराले रोज असंच वाटते का गा?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवशी वाटतं," मी म्हणालो. "मग काहींचं जातं."

"आन काहींचं?"

"माझं नाही गेलं."

तिने माझ्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "त्याले सांगू नका, म्या पाह्यलं म्हून. तो म्हंते, मस्त हाय आई. तसंच राहू द्या."

तिने बिल्ला माझ्या हातात ठेवला आणि बसस्टँडचा रस्ता विचारून गेली.

साहेबांना त्याच संध्याकाळी मी खाली उतरू शकत नाही हे सांगितलं, आणि कडी बाहेरून का ठेवली तेही. ते म्हणाले, "दुरुस्त किती वेळात होईल?" मी सकाळपर्यंत म्हणालो. कडी आतून घेतली, दोन ठिकाणचे पत्रे काढून तिथे पडदे लावले, कापड हाताने फिरवायची सोय केली आणि वाट आणि पिंजरा मिळून एका वेळी वीसच माणसं आत सोडायची ठरवलं. पिंजरा सुटण्याआधी मी स्वतः सांगत असे, "ही जमीनच आहे. हे दार, असं उघडतं." साहेबांना वाटलं, आता कोण घाबरणार? तरी लोक ओरडतच होते, आणि हसत बाहेर पडत होते.

साहेबांनी मला नकाशाघरातच ठेवलं. मोजणीवाल्यांपैकी दोघं काही दिवस मला पाहून हसले, मग विसरले. आता मी सत्तरीला आलोय. नातवाबरोबर सिनेमाला गेलो की तो पडद्याकडे बघतो आणि मी आधी उठून दार कुठल्या बाजूला उघडतं ते ढकलून पाहतो. तो वैतागतो. मी बसून घेतो आणि मग सिनेमा बघतो.